सँत-व्हिक्त्वार पर्वताची जलरंगचित्रे

फ्रेंच चित्रकार पॉल सेझान (१८३९–१९०६) याने आयुष्याच्या अखेरच्या पर्वात, साधारणपणे १९०२ ते १९०६ या काळात, दक्षिण फ्रान्समधील सँत-व्हिक्त्वार या पर्वताची जलरंगांत रंगविलेली निसर्गचित्रे. पेन्सिलीच्या तुटक रेषा, पारदर्शक रंगांचे विरळ ठिपके व पट्टे आणि त्यांच्यामध्ये मोठ्या प्रमाणात कोरा राहिलेला कागद ही या चित्रांची प्रमुख वैशिष्ट्ये होत. समकालीन प्रेक्षकांपैकी बहुतेकांना ती अर्धवट टाकून दिलेली कच्ची टिपणे वाटली. पुढे मात्र विसाव्या शतकातील चित्रकलेच्या इतिहासात त्यांना महत्त्वाचे स्थान प्राप्त झाले. चित्र पूर्ण केव्हा होते व चित्रातील न रंगविलेल्या भागाचे कार्य कोणते, हे प्रश्न या चित्रांनी नव्याने उपस्थित केले.

पर्वत व परिसर : सँत-व्हिक्त्वार ही प्रॉव्हांस प्रांतातील एक्स (एक्स-आं-प्रॉव्हांस) या शहराच्या पूर्वेस पसरलेली चुनखडकाची डोंगररांग आहे. तिचे सर्वोच्च शिखर १,०११ मी. उंच असून, क्रूस उभारलेले पश्चिमेकडील शिखर ९४६ मी. उंच आहे. एक्सच्या बाजूने हे पश्चिमेकडील टोकच प्रामुख्याने दिसते. रांगेची उत्तर बाजू उतरती, तर दक्षिण बाजू तुटलेल्या उभ्या कड्यांची आहे. त्यामुळे पश्चिमेकडून पाहणाऱ्यास पर्वताचा आकार असमभुज त्रिकोणासारखा दिसतो : डावीकडे लांब चढ, उजवीकडे तीव्र उतार. फिकट खडकावर प्रकाशाच्या बदलांचा परिणाम चटकन होतो. दुपारी पांढुरका दिसणारा खडक सायंकाळी गुलाबी व जांभळट होत जातो.

सेझानचा जन्म एक्स येथेच झाला. त्याचे बालपण याच पर्वताच्या पायथ्याशी व आसपासच्या टेकड्यांत भटकण्यात गेले. निसर्गशास्त्रज्ञ आंत्वान-फॉर्त्यूने मार्यों (१८४६–१९००) हा त्याचा तरुणपणापासूनचा मित्र. प्रॉव्हांसमधील भूस्तरांचा मार्योंचा अभ्यास होता व त्याच्या सहवासामुळे खडकांच्या घडणीकडे पाहण्याची दृष्टी सेझानला लाभली असावी, असे अभ्यासक मानतात. एक्स व मार्सेल्स यांना जोडणारा लोहमार्ग १८७७ मध्ये सुरू झाला. त्यानंतर काही महिन्यांतच, एप्रिल १८७८ मधील एका पत्रात, आगगाडीतून दिसणाऱ्या या पर्वताचा एक उत्तम चित्रविषय म्हणून सेझानने उल्लेख केला आहे. १८८० नंतर हा विषय त्याच्या चित्रांत वारंवार येऊ लागला. तैलरंग व जलरंग मिळून त्याने या पर्वताची सत्तराहून अधिक चित्रे काढली.

कालनिश्चिती : सेझानच्या जलरंगचित्रांवर सही व तारीख क्वचितच आढळते. त्यामुळे त्यांचा काल ठरविताना चित्रकार कोठे उभा होता, याचा शोध महत्त्वाचा ठरतो. वडिलांनी घेतलेले झा द बूफां हे घर १८९९ मध्ये विकले गेले. १९०१ च्या अखेरीस सेझानने एक्सच्या उत्तरेकडील ले लोव्ह या टेकडीवर जमीन खरेदी केली व तेथे बांधलेल्या कार्यशाळेत १९०२ मध्ये तो काम करू लागला. कार्यशाळेपासून थोडे वर चढून गेल्यावर सँत-व्हिक्त्वार व त्याच्या पायथ्याचे सपाट मैदान पूर्णपणे दृष्टिपथात येते. या उंचवट्यावरून दिसणारा पर्वत ज्या चित्रांत आढळतो, ती चित्रे त्यामुळे १९०१ नंतरची ठरतात. आधीच्या दोन दशकांतील चित्रांत पुढील बाजूस पाइन वृक्षांची चौकट, दरीतील कमानींचा लोहमार्गपूल असे घटक आढळतात. ले लोव्हवरून काढलेल्या चित्रांत ते वगळले गेले असून मैदान, पर्वत व आकाश एवढीच मांडणी शिल्लक राहिली आहे.

माध्यमाची परंपरा : जलरंगात रंगद्रव्य डिंकासारख्या बंधकात खलून पाण्याने पातळ केलेले असते. रंगाचा थर पारदर्शक असल्याने प्रकाश त्यातून आरपार जाऊन कागदावरून परावर्तित होतो. साहजिकच पांढरा रंग वेगळा न वापरता, उजळ भागी कागद मोकळा सोडण्याची पद्धत या माध्यमात रूढ झाली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात व एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ही कला विशेष विकसित झाली. टर्नर, कॉटमन आदी चित्रकारांनी तिला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली. फ्रान्समध्ये मात्र जलरंगाकडे बव्हंशी दुय्यम माध्यम म्हणून पाहिले जाई. तैलचित्राची पूर्वतयारी, प्रवासातील नोंदी किंवा हौशी चित्रकारांचा विरंगुळा असे त्याचे स्वरूप होते.

सेझाननेही प्रारंभी जलरंगाचा वापर याच दुय्यम हेतूने केला. १८६० ते १८७५ च्या सुमाराच्या त्याच्या जलरंगचित्रांत अपारदर्शक रंगाचा भर पुष्कळ असून त्यांची घडण तैलचित्रासारखी जड आहे. कामीय पीसारोच्या सहवासात, विशेषतः १८७२ नंतर, तो निसर्गात बसून रंगवू लागला व त्याचे रंग उजळले. १८८५ नंतर अपारदर्शक रंगाचे प्रमाण घटत जाऊन पारदर्शक थरांची रचना हेच त्याच्या जलरंगांचे मुख्य अंग बनले. अखेरच्या दशकात जलरंगचित्रण हे त्याच्या लेखी तैलचित्रणाच्या बरोबरीचे कार्य झाले होते.

तंत्र : चित्रकार एमील बेर्नार (१८६८–१९४१) हा १९०४ मध्ये एक्स येथे सुमारे महिनाभर राहिला होता. सेझानच्या निधनानंतर १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत त्याने सेझानच्या जलरंगपद्धतीचे प्रत्यक्ष पाहिलेले वर्णन दिले आहे. त्यानुसार सेझान प्रथम छायेचा भाग घेऊन तेथे रंगाचा एक लहान डाग टाकी. त्यावर त्याहून मोठा दुसरा व मग आणखी मोठा तिसरा डाग देई. पडद्यांप्रमाणे एकावर एक पसरलेले हे थर वस्तूला रंग व घनता दोन्ही देत. ही पद्धत नेहमीच्या पद्धतीहून अगदी वेगळी आहे, हे बेर्नारच्या लगेच लक्षात आले.

या पद्धतीची भिन्नता थोडी स्पष्ट करणे आवश्यक आहे. प्रचलित जलरंगपद्धतीत प्रथम संपूर्ण कागदावर फिकट लेप देतात. ओल्या रंगात दुसरा रंग मिसळू देऊन आकाश, धुके, पाणी यांचे सलग व मृदू परिणाम साधतात आणि गडद भाग शेवटी घेतात. सेझान मात्र एक थर पूर्ण वाळल्यावरच त्यावर दुसरा देई. वाळताना पाण्याबरोबर रंगाचे कण डागाच्या कडेकडे ओढले जातात व तेथे किंचित गडद रेघ उमटते. प्रत्येक डागाची कड अशा रीतीने स्वच्छ राहिल्यामुळे डाग एकमेकांत विरघळत नाहीत. एकमेकांवर ठेवलेल्या रंगीत काचांप्रमाणे ते वेगवेगळे दिसतात व जेथे दोन डाग परस्परांवर येतात तेथे तिसरी छटा निर्माण होते. निळा, हिरवा, पिवळट गेरू, गुलाबी व जांभळा एवढ्या मोजक्या रंगच्छटांतून विलक्षण विविधता येते, ती यामुळेच.

पेन्सिलीचे आरेखन हाही या चित्रांचा दुय्यम भाग नाही. सामान्यतः पेन्सिलीची रेघ ही रंगासाठी आखलेली सीमा असते व रंग भरल्यावर तिचे काम संपते. सेझानच्या चित्रांत रेघ व रंग यांचा मेळ असतो; परंतु ती एकमेकांच्या जागी येत नाहीत. पर्वताची कड दोनतीन वेळा थोडी सरकवून आखलेली दिसते. रंगाचा डाग त्या कडेच्या आत थांबतो किंवा तिला ओलांडून आकाशात जातो. काही कागदांवर रंग वाळल्यानंतरही पेन्सिल पुन्हा फिरविलेली आढळते. पर्वताची बाह्यरेषा कोठेही पूर्णपणे बंद होत नाही. त्यामुळे पर्वत व त्याभोवतीचा अवकाश यांच्यात एक प्रकारची देवघेव चालू राहते.

रचना व कोरा कागद : न्यूयॉर्कच्या म्यूझीअम ऑफ मॉडर्न आर्टमधील १९०२–०६ या काळातील जलरंगचित्र (सु. ४२·५ × ५४·२ सेंमी.) व लंडनच्या टेट संग्रहातील १९०५–०६ मधील चित्र (सु. ३६·२ × ५४·९ सेंमी.) ही या मालिकेची प्रातिनिधिक उदाहरणे म्हणता येतील. टेटमधील चित्र १९४१ मध्ये कादंबरीकार ह्यू वॉल्पोल याच्या मृत्युपत्रान्वये संग्रहास मिळाले. या मालिकेत क्षितिजाला समांतर असे मैदानाचे पट्टे खालच्या भागात असून, त्यांच्यावर पर्वताचा त्रिकोण उभा राहतो. मैदानातील झाडे व घरे ओळखू येण्याइतकी स्पष्ट नसतात. हिरव्या व गेरवट डागांच्या समूहांवरून त्यांचा बोध होतो. पर्वताच्या अंगावर निळ्या व जांभळट रंगांचे तिरपे पट्टे असतात आणि याच रंगांचे तुरळक डाग आकाशातही दिसतात. दूरची वस्तू फिकट व जवळची गडद या नेहमीच्या नियमानुसार येथे खोली दाखविलेली नाही. रंगांच्या उष्ण व शीत गुणांचा परस्परसंबंध साधून ती निर्माण केली आहे. निसर्ग माणसाला पृष्ठभागापेक्षा खोलीच्या रूपाने अधिक जाणवतो व म्हणून हवेचा प्रत्यय देण्यासाठी प्रकाशाच्या स्पंदनांत पुरेसा निळा रंग मिसळावा लागतो, असा विचार सेझानने एप्रिल १९०४ मध्ये बेर्नारला लिहिलेल्या पत्रात मांडला आहे. सँत-व्हिक्त्वारची जलरंगचित्रे ही या विचाराची प्रात्यक्षिकेच होत.

या चित्रांतील कोऱ्या कागदाचे स्थान परंपरेपेक्षा निराळे आहे. इंग्रजी पद्धतीच्या जलरंगचित्रात पांढरा सोडलेला भाग कोणत्या तरी वस्तूचा असतो. तो ढग असतो, उन्हातील भिंत असते किंवा पाण्यावरील चमक असते. सेझानच्या चित्रांत कोरा भाग कोणत्याही एका वस्तूला नेमून दिलेला नाही. तोच पांढरा रंग पर्वताच्या अंगावर खडक ठरतो, कडेपलीकडे आकाश होतो व मैदानावर ऊन बनतो. शेजारच्या रंगांवरून त्याचा अर्थ बदलत जातो. रंगाचे डाग हे जणू आधारस्तंभ असून त्यांच्यामधील अंतर प्रेक्षकाच्या दृष्टीने सांधायचे असते. एखादा कोरा भाग रंगवून भरला, तर भोवतालच्या सर्व डागांचे परस्परसंबंध बदलतील, इतकी ही रचना बांधीव आहे.

पूर्णतेचा प्रश्न : ही चित्रे हेतुपुरस्सर अशी ठेवली की ती अपुरी राहिली, यासंबंधी एकेरी उत्तर देता येत नाही. ऑक्टोबर १९०५ मध्ये बेर्नारला लिहिलेल्या पत्रात स्वतः सेझानने याविषयी खंत व्यक्त केली आहे. प्रकाश निर्माण करणाऱ्या रंगसंवेदना आपल्याला संपूर्ण चित्रफलक भरू देत नाहीत, वस्तूंच्या नाजूक संधिरेषा निश्चित करू देत नाहीत व त्यामुळे आपले चित्र अपुरे राहते, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. मधुमेहाने तो अनेक वर्षे आजारी होता. निसर्गासमोर दृष्टी अधिक स्वच्छ होत असली, तरी संवेदनांची तीव्रता चित्रात उतरत नाही, असे त्याने ८ सप्टेंबर १९०६ रोजी मुलाला लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे. नदीकाठी एका जागी बसून थोडे उजवीकडे वा डावीकडे झुकले, तरी महिनोन् महिने पुरतील इतके विषय दिसतात, असेही त्याच पत्रात तो नमूद करतो.

ही खंत प्रामुख्याने तैलचित्रांच्या संदर्भातील आहे, हे लक्षात घेणे जरूर आहे. तैलचित्रात न भरलेला कापडाचा भाग प्रेक्षकाला उणिवेसारखा जाणवतो, कारण कापड झाकणे हा त्या माध्यमाचा संकेत होता. जलरंगात असा संकेत नव्हता. येथे कागद प्रथमपासूनच प्रकाशाचे काम करीत होता. यामुळे जलरंगात सेझानला कोणत्याही टप्प्यावर थांबता आले व प्रत्येक टप्प्यावर चित्राचा तोल कायम राहिला. तैलरंगात जी अडचण ठरली, तिलाच जलरंगात रचनेचे तत्त्व लाभले. पुढे हे तत्त्व उलट दिशेने तैलरंगांतही शिरले. बाझेलच्या संग्रहालयातील १९०४–०६ मधील सँत-व्हिक्त्वारचे तैलचित्र सुट्या रंगपट्ट्यांनी विणल्यासारखे दिसते. याच वर्षांतील अन्य काही तैलचित्रांत रंग पातळ असून मधूनमधून कापड उघडे राहिले आहे. दुय्यम समजल्या गेलेल्या माध्यमाने प्रमुख माध्यमाचे स्वरूप बदलल्याचे हे एक महत्त्वाचे उदाहरण होय.

अखेरचे दिवस : जलरंगाचे साहित्य हलके असल्यामुळे वृद्धापकाळी दूरवर जाऊन काम करण्यास ते सोयीचे होते. १९०६ च्या कडक उन्हाळ्यात सेझानने आर्क नदीच्या काठी व आसपासच्या टेकड्यांवर पुष्कळ जलरंगचित्रे काढली. १५ ऑक्टोबर १९०६ रोजी तो बाहेर काम करीत असता पावसात सापडला व काही तास भिजत राहिला. कपडे धुण्यासाठी नेणाऱ्या एका गाडीतून त्याला घरी आणण्यात आले. तरीही दुसऱ्या दिवशी पहाटे तो कार्यशाळेच्या बागेत व्हाल्ये या माळ्याचे व्यक्तिचित्र रंगविण्यासाठी गेला व तेथून अत्यवस्थ होऊन परतला. त्यानंतर सुमारे आठवड्याने त्याचे निधन झाले.

प्रसार व प्रभाव : चित्रविक्रेता आंब्रवाझ व्होलार याने १९०५ मध्ये पॅरिस येथे सेझानच्या जलरंगचित्रांचे स्वतंत्र प्रदर्शन भरविले. सेझानच्या मृत्यूनंतर जून १९०७ मध्ये बेर्नेम-झन या कलावीथीत त्याची ७९ जलरंगचित्रे मांडण्यात आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सालों दोतोन या वार्षिक प्रदर्शनात त्याच्या ५६ कृतींचे स्मृतिप्रदर्शन झाले. जर्मन कवी राइनर मारिआ रिल्के याने ही दोन्ही प्रदर्शने पाहिली होती. ऑक्टोबर १९०७ मध्ये पत्नीला लिहिलेल्या त्याच्या पत्रांतून सेझानच्या कलेचे एक सूक्ष्म आकलन जगापुढे आले.

बेर्नेम-झन येथील प्रदर्शन अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीगलिट्स व एडवर्ड स्टायकन यांनीही पाहिले होते. त्या वेळी, कोऱ्या कागदावर इतस्ततः पडलेल्या रंगाच्या डागांपलीकडे स्टीगलिट्सला त्यांत काही आढळले नाही व चित्रांची किंमत ऐकून त्याला हसू आले, असे त्यानेच पुढे सांगितले. मात्र १९११ मध्ये त्याने न्यूयॉर्कमधील ‘२९१’ या आपल्या कलावीथीत सेझानच्या २० जलरंगचित्रांचे प्रदर्शन भरविले. अवघ्या चार वर्षांत एकाच व्यक्तीच्या दृष्टीत झालेला हा पालट त्या काळातील अभिरुचीच्या स्थित्यंतराचा द्योतक आहे. फ्रान्समध्ये झॉर्झ ब्राक व पाब्लो पिकासो यांनी १९०८ नंतर घनवादी चित्रांत वस्तूंच्या बंद कडा मोकळ्या करून शेजारची प्रतले एकमेकांत उघडी सोडली. तिचे मूळ सेझानच्या अखेरच्या चित्रांत आहे, याविषयी कलेतिहासकारांत सामान्यतः एकमत आढळते.

भारतीय चित्रकलेशी या कलेचा आलेला संबंध महाराष्ट्रातून गेलेल्या एका चित्रकाराद्वारे विशेष स्पष्ट होतो. मुंबईत बाँबे आर्ट सोसायटी (स्थापना १८८८) व सर ज. जी. कलाशाळा यांच्या परिसरात पारदर्शक जलरंगातील निसर्गचित्रणाची समर्थ परंपरा निर्माण झाली होती. सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) हे तिचे श्रेष्ठ प्रतिनिधी होत. ही परंपरा मूलतः इंग्रजी वळणाची होती. नागपूर व मुंबई येथे शिक्षण घेतलेले सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) यांनी १९४० नंतरच्या दशकात जलरंगातील निसर्गचित्रांनीच नाव मिळविले. १९४८ मध्ये श्रीनगर येथे फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्त्ये-ब्रेसाँ याने रझा यांची चित्रे पाहून, त्यांत रंगाची जाण असली तरी बांधणीची उणीव आहे, असा अभिप्राय दिला व सेझानचा अभ्यास करण्याचा सल्ला दिला. १९५० मध्ये रझा फ्रान्सला गेले. सेझानच्या रचनाविचाराने आपल्या कलेला दिशा मिळाली, असे ते आवर्जून सांगत. प्रवाही जलरंगाच्या परंपरेत वाढलेल्या भारतीय चित्रकाराला बांधणीचा धडा सेझानकडून घ्यावासा वाटला, ही बाब या दोन जलरंगपद्धतींमधील भेदावर प्रकाश टाकणारी आहे.

अभ्यास व जतन : लिओनेल्लो व्हेंतूरी याने १९३६ मध्ये सेझानच्या कृतींची पहिली समग्र सूची प्रसिद्ध केली. जॉन रीवाल्ड याच्या १९८३ मधील जलरंगचित्रांच्या सूचीत सहाशेहून अधिक कृतींची नोंद आहे. रीवाल्ड व अर्ल लोरन या अभ्यासकांनी चित्रकाराच्या जागांवर उभे राहून छायाचित्रे घेतली. त्यांवरून, दिसणाऱ्या दृश्यात सेझानने कोणते फेरफार केले, याचा पडताळा घेता येतो. ले लोव्ह येथील कार्यशाळा पाडली जाण्याचा संभव असता रीवाल्ड व लेखक जेम्स लॉर्ड यांच्या पुढाकाराने निधी जमविण्यात आला व १९५४ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. ऑगस्ट १९८९ मध्ये लागलेल्या वणव्यात पर्वतावरील व पायथ्याकडील सुमारे ५,००० हेक्टर वनक्षेत्र जळाले. सेझानच्या चित्रांतील हिरव्या पट्ट्यांशी मिळताजुळता परिसर त्यामुळे दीर्घकाळ उघडा पडला.

जलरंगचित्रांच्या जतनाचा प्रश्न याहून नाजूक आहे. उजेडाने पारदर्शक थरांतील काही रंग फिके पडतात व कागद पिवळसर किंवा तपकिरी होत जातो. म्हणून अशी चित्रे सु. ५० लक्स इतक्या मंद प्रकाशात, तीही थोड्या काळापुरतीच मांडली जातात व नंतर वर्षानुवर्षे अंधारात ठेवली जातात. अन्य जलरंगचित्रांत कागद पिवळा पडल्याने बाधा येते ती बव्हंशी उजळ भागांपुरती. सेझानच्या चित्रांत कोरा कागद हाच खडक, आकाश व ऊन असल्याने त्याच्या रंगातील अल्पसा बदलही संपूर्ण रंगमेळ बिघडवितो. न रंगविलेला भाग हा चित्राचाच भाग आहे, हे समकालीनांना पटविणे अवघड गेले. आजच्या संग्रहालयांना मात्र रंगविलेल्या भागाइतकीच कोऱ्या भागाचीही निगा राखावी लागते.